जुन्या अमेरिकन गाडीसाठी टायर आणि चाकं निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहून पन्नास ते सत्तरच्या दशकातली मस्टँग, कॅमॅरो, बेल एअर किंवा डार्ट हौसेनं घेतलेले मराठी वाचक, आणि मुंबई-पुण्यात घरातली जुनी डॉज किंवा शेवरोले जपणारे लोक, चाकांबद्दल पुन्हा पुन्हा तेच प्रश्न पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे प्रश्नांना नंबर दिले आहेत आणि जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा हवाला दिला आहे. आकडे भरपूर आहेत, पण कुठलाही आकडा स्वतःच्या गाडीखाली टेप लावून तपासल्याशिवाय पैसे मोजू नका. पन्नास-साठ वर्षांत या गाड्यांचे ॲक्सल, ब्रेक, स्प्रिंगा कितीतरी हातांनी बदललेले असतात.

१. टायरवर ‘पी२०५/७०आर१४’ असं लिहिलंय. याचा अर्थ काय?

‘पी’ म्हणजे प्रवासी गाडीचा टायर. २०५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये. ती नक्षीची रुंदी नाही, एका बाजूच्या फुगवट्यापासून दुसऱ्या बाजूच्या फुगवट्यापर्यंतची आहे. ७० म्हणजे बाजूची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल (टायरच्या आतल्या धाग्यांची रचना, प्रश्न ४ पाहा) आणि १४ हा रिमचा व्यास, इंचांत.

यावरून टायरची एकूण उंची काढता येते. २०५ च्या ७० टक्के म्हणजे १४३.५ मिमी. वरची आणि खालची मिळून २८७ मिमी, म्हणजे ११.३ इंच. त्यात रिमचे १४ इंच मिळवले की २५.३ इंच. हा हिशेब एकदा कागदावर करून बघा, पुढच्या निम्म्या प्रश्नांत तो लागणार आहे.

२. गाडीच्या मूळ पुस्तकात ७.३५-१४ किंवा एफ७०-१४ असं काहीतरी आहे. आज त्याच्या जागी काय घ्यायचं?

साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत अमेरिकेत टायरचा आकार इंचांत लिहायचे. ७.३५ ही रुंदी, १४ हा रिम. त्यानंतर अक्षरांची पद्धत आली. एफ७०-१४ मधला ‘एफ’ हा रुंदीचा नसून भार पेलण्याच्या क्षमतेचा दर्जा आहे. अक्षर जितकं पुढचं तितका टायर मोठा. ७० म्हणजे आजच्यासारखीच टक्केवारी. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ‘पी’वाली पद्धत आली, ती आजही चालू आहे.

सर्वसाधारणपणे वापरल्या जाणाऱ्या जोड्या अशा:

- ६.९५-१४ च्या जागी पी१८५/७५आर१४
- ७.३५-१४ किंवा ई७८-१४ च्या जागी पी१९५/७५आर१४
- ७.७५-१४ किंवा एफ७८-१४ च्या जागी पी२०५/७५आर१४
- ई७०-१४ च्या जागी पी२०५/७०आर१४
- एफ७०-१४ च्या जागी पी२१५/७०आर१४

या जोड्या उंचीला आणि भाराला जवळपासच्या आहेत, तंतोतंत नाहीत. शिवाय ७५ टक्केवारीचे १४ इंची टायर आता दुकानांत फारसे दिसत नाहीत, म्हणून बरेच जण ७० वर येतात. ते चालतं, फक्त उंचीतला फरक प्रश्न ५ प्रमाणे तपासा आणि नव्या टायरचा भारांक, म्हणजे तो किती वजन पेलतो त्याचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नाही ना, हे पाहा. लांबलचक स्टेशन वॅगनला हे विशेष लागू.

३. गाडीवर आत्ता जो आकार आहे, तोच पुन्हा घेतला तर?

तो आकार कुणी आणि का निवडला, हे तुम्हाला माहीत नसतं. आधीच्या मालकानं सेलमध्ये मिळाले म्हणून लावलेले टायर मी अनेक गाड्यांवर पाहिले आहेत. मूळ पुस्तकातला आकार शोधा, त्याची उंची काढा आणि तिथून सुरुवात करा. आत्ताचे टायर घासण्याच्या खुणा दाखवतात का, एवढंच त्यांच्याकडून शिकून घ्या.

४. रेडियल घेऊ की मूळचे बायस-प्लाय?

चालवायची गाडी असेल तर रेडियल. माझं मत इतकं स्पष्ट आहे.

बायस-प्लायमध्ये धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदत जातात. गाडी वळली की बाजू आणि नक्षी दोन्ही एकत्र वाकतात आणि टायरची रस्त्यावरची पकड सुटत जाते. रस्त्यात लांबट खाचा असल्या की पुढची चाकं त्यांच्यामागे धावतात आणि स्टेअरिंग हातात सतत डावी-उजवीकडे ओढ घेतं. थंडीत रात्रभर गाडी उभी राहिली तर टायरचा तळ चपटा होतो आणि सकाळी पहिले काही मैल गाडी धडधडते. रेडियलमध्ये धागे आडवे सरळ आणि नक्षीखाली पोलादी पट्टा असतो. मिशलँनं १९४६ मध्ये याचं पेटंट घेतलं, पण अमेरिकन कारखान्यांनी फार उशिरा ते स्वीकारलं. १९७० ची लिंकन कॉन्टिनेंटल मार्क ३ ही रेडियल टायर कारखान्यातूनच घेऊन आलेली पहिली अमेरिकन गाडी.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय कुणी रेडियल विकू नये. पन्नास-साठच्या दशकातल्या गाड्यांचं अलाइनमेंट बायस-प्लायसाठी ठरवलेलं होतं, त्यात कॅस्टर, म्हणजे पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकाव, फार कमी असतो. रेडियल लावल्यावर कॅस्टर वाढवून आणि टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं किंचित आत वळलेली असणं, कमी करून घ्या. नुसते टायर बदलून जुन्या पुस्तकातल्या आकड्यांवर अलाइनमेंट केलं, तर गाडी हायवेवर भरकटते आणि दोष टायरला दिला जातो. पॉवर स्टेअरिंग नसेल तर कॅस्टर वाढल्यावर पार्किंगमध्ये स्टेअरिंग जड लागेल, ते गृहीत धरा.

बायस-प्लायची खरी जागा म्हणजे स्पर्धेत मूळ रूपासाठी तपासली जाणारी गाडी. टेनेसीमधल्या चॅटनूगाची कोकर टायर ही कंपनी जुन्या साच्यांसारखे बायस-प्लाय आणि दिसायला बायस-प्लायसारखे पण आतून रेडियल असे दोन्ही प्रकार बनवते. दोन्ही प्रकार एकाच ॲक्सलवर कधीही लावू नका. अगदी नाइलाजच असेल तर रेडियल मागे.

५. थोडे उंच टायर लावले तर स्पीडोमीटर चुकतो का?

हो, आणि तो धोकादायक बाजूला चुकतो. समजा मूळ टायर २०५/७५आर१४, उंची २६.१ इंच. तुम्ही लावले २२५/७०आर१५, उंची २७.४ इंच. फरक ५ टक्क्यांचा. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६३ मैलांनी पळत असेल. मागच्या ॲक्सलचा ३.५५ चा गिअर (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनकडून येणाऱ्या दांड्याचे ३.५५ फेरे) व्यवहारात ३.३८ सारखा वागेल. म्हणजे हायवेवर इंजिन शांत, पण सिग्नलवरून उठताना गाडी किंचित मंद.

गिअरबॉक्सच्या शेपटाला केबलच्या टोकाशी प्लॅस्टिकचा एक छोटा गिअर असतो. तो बदलून काटा दुरुस्त करता येतो. ३ टक्क्यांच्या आतला फरक असेल तर मी त्याच्या मागे लागत नाही.

६. माझ्या गाडीचा पीसीडी कसा ओळखायचा?

पीसीडी म्हणजे स्टडच्या, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या बोल्टांच्या, केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. चार स्टड असतील तर समोरासमोरच्या दोन स्टडांच्या केंद्रांतलं अंतर मोजलं की झालं. पाच स्टडांत समोरासमोर कुणीच नसतं, म्हणून लोक तिरकं मोजतात आणि चुकतात. त्यापेक्षा शेजारच्या दोन स्टडांतलं अंतर मोजा. केंद्र डोळ्यांनी धरू नका. एका स्टडच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या स्टडच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, ते केंद्रापासून केंद्रापर्यंतच्या अंतराइतकंच येतं. आलेल्या आकड्याला १.७०१ नं गुणा.

शेजारच्या स्टडांत साधारण ६० मिमी आलं तर पीसीडी ४ इंच, ६७ मिमी आलं तर साडेचार, ७१ आलं तर पावणेपाच आणि ७५ आलं तर ५ इंच. फरक इतका थोडा असतो की कापडी टेपवर विसंबू नका, व्हर्निअर कॅलिपर वापरा.

फोर्ड आणि मोठ्या क्रायस्लर गाड्यांचा साडेचार, कॅमॅरो, शेव्हेल, कॉर्व्हेट आणि ५५ ते ५७ च्या शेवरोलेंचा पावणेपाच, कॅडिलॅक आणि १९७१ ते ७६ च्या मोठ्या शेवरोलेंचा ५ इंच. अपवाद प्रश्न ७ मध्ये.

७. मस्टँगचा पीसीडी साडेचार इंच म्हणून चाकं मागवली, पण बसत नाहीत. असं का?

गाडीला चार स्टड आहेत का, ते बघा. १९६५-६६ च्या सहा सिलिंडरच्या मस्टँगला चार स्टड होते आणि व्ही-८ ला पाच. बाहेरून दोघी सारख्याच दिसतात. पाच स्टडांची चाकं हवी असतील तर ब्रेक आणि मागचा ॲक्सल व्ही-८ चा घालावा लागतो. अनेक जण तसं करतात, पण तो वेगळा खर्च आहे.

दुसरा असाच अपवाद डॉज डार्ट, प्लायमाउथ व्हॅलिअंट आणि बाराकुडाच्या लहान गाड्यांचा. १९७२ पर्यंत त्यांपैकी बहुतेकांचा पीसीडी ४ इंच होता आणि त्यासाठी चाकांची निवड फार तोकडी आहे.

आणि बीएमडब्ल्यूची १२० मिमीची चाकं शेवरोलेच्या १२०.६५ मिमीच्या स्टडांवर ‘बसतात’ असं सांगणारे भेटतील. नट तिरके बसतात, स्टडवर वाकडा ताण राहतो. लावू नका.

८. बॅकस्पेसिंग आणि ऑफसेट यांत फरक काय? दुकानदार दोन्ही विचारतो.

दोन्ही एकच गोष्ट सांगतात, हबच्या (ॲक्सलच्या टोकाचा, चाक जिथे टेकतं तो भाग) बसणीपासून रिम आत किती आणि बाहेर किती. जुन्या अमेरिकन चाकांच्या व्यवहारात बॅकस्पेसिंग चालतं, नव्या गाड्यांत ऑफसेट.

चाक तोंड खाली करून जमिनीवर ठेवा. मागच्या काठांवर सरळ पट्टी आडवी ठेवा. पट्टीपासून हबला टेकणाऱ्या सपाट भागापर्यंतचं अंतर म्हणजे बॅकस्पेसिंग. ऑफसेट म्हणजे तीच बसणी रिमच्या मध्यरेषेपासून किती लांब आहे ते. इथे फसगत होते ती रुंदीत. १५x७ चाकात ७ इंच ही टायर बसण्याच्या जागेची रुंदी आहे. काठ धरून चाक साधारण ८ इंच भरतं. म्हणून शून्य ऑफसेटच्या ७ इंची चाकाचं बॅकस्पेसिंग साडेतीन न येता ४ इंच येतं. सव्वाचार इंच बॅकस्पेसिंग म्हणजे अधिक ६ मिमी ऑफसेट.

नव्या पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांचा ऑफसेट अधिक ३५-४५ मिमी असतो. पीसीडी जुळला तरी ती चाकं जुन्या गाडीत फार आत जातात आणि सस्पेन्शनला टेकतात. ११४.३ मिमी म्हणजेच साडेचार इंच पीसीडी जपानी गाड्यांतही सर्रास असल्यामुळे हा मोह अनेकांना होतो.

९. चाकं मागवण्याआधी ती घासणार नाहीत याची खात्री कशी करू?

हे काम शनिवारची अख्खी सकाळ देऊन करा.

मागे: गाडी ॲक्सलखाली स्टँड देऊन उचला, म्हणजे वजन स्प्रिंगांवरच राहतं. चाक काढा. ड्रमच्या तोंडावर सरळ पट्टी उभी धरा आणि तिथून आतल्या बाजूला पाटे, शॉक ॲब्सॉर्बर आणि आतल्या मडगार्डपर्यंत, तर बाहेरच्या बाजूला मडगार्डच्या दुमडलेल्या कडेपर्यंत मोजा. मडगार्डची आतली कड बोटानं चाचपा. पत्रा आत वळवलेला असतो आणि टायर कापला जातो तो तिथेच. दोन्ही बाजू मोजा. या गाड्यांचा ॲक्सल बरोबर मध्यावर असेलच असं नाही, पाव इंचाचा फरक सहज सापडतो. जी बाजू तंग तिच्यावरून चाक ठरवा.

आता हिशेब. २३५/६०आर१५ टायर, १५x७ चाक, सव्वाचार इंच बॅकस्पेसिंग. २३५ मिमीचा अर्धा भाग ४.६ इंच. बसणी मध्यापासून पाव इंच बाहेर आहे, म्हणून ड्रमच्या तोंडापासून टायर आत ४.९ इंच आणि बाहेर ४.४ इंच जाईल. दोन्हीकडे अर्धा इंच तरी मोकळं राहायला हवं. आणि रिम अर्ध्या इंचानं रुंद झाली की तोच टायर सुमारे ५ मिमी फुगतो, तेही धरा.

पुढे जास्त अवघड, कारण चाक वळतं आणि वर-खाली होतं. स्टेअरिंग दोन्ही टोकांना नेऊन, सस्पेन्शन दाबलेल्या आणि सैल अशा दोन्ही स्थितींत बघा. टायर बहुधा मडगार्डच्या मागच्या खालच्या कोपऱ्याला किंवा आतून कंट्रोल आर्मला (चाक धरणारा सस्पेन्शनचा हात) लागतो. ओळखीच्या कुणाकडे तसंच चाक असेल तर एका दुपारपुरतं मागून लावून पाहा. त्याहून चांगली परीक्षा नाही.

१०. १४, १५ की १७ इंच?

१५. टायरची निवड भरपूर, बाजू उंच, आणि गाडी तिच्या काळातलीच दिसते. कारखान्यांनीही १५ इंच दिले होतेच. १९६७-६९ ची कॅमॅरो झेड/२८ १५ इंचांवर आली होती. ५५-५६ च्या शेवरोलेही १५ वरच होत्या, ५७ मध्ये त्या १४ वर उतरल्या.

१७ इंच घेण्याचं एकच सबळ कारण म्हणजे मोठे ब्रेक आणि वळणांवर जोरात चालवायची इच्छा. चांगल्या पकडीचे टायर आता १७-१८ मध्येच मिळतात. २४५/४५आर१७ ची उंची २५.७ इंच, म्हणजे स्पीडोमीटरला त्रास नाही. पण या गाड्यांचं अंग उंच बाजूच्या टायरसाठी रेखलेलं आहे आणि पातळ टायरवर ती शोभा जाते, असं मला मनापासून वाटतं. २० इंच नको.

११. मागे रुंद आणि पुढे अरुंद टायर चालतील का?

चालतील. ताकदवान व्ही-८ ला त्याचा उपयोगही होतो. पण मग टायर पुढे-मागे फिरवता येत नाहीत. मागचे दोन टायर मात्र नेहमी एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले हवेत, विशेषतः पॉझिट्रॅक्शनसारखा लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा, असेल तर. उंची वेगवेगळी असली की त्यातले क्लच सतत घासत राहतात.

१२. पुढे डिस्क ब्रेक बसवले आणि मूळ १४ इंची चाकं आता बसत नाहीत. ग्राइंडर मारू का?

अजिबात नको, कॅलिपरलाही नको आणि चाकालाही नको. ड्रमसाठी बनवलेल्या लोखंडी चाकांत कॅलिपरला जागा नसते. डिस्कचं किट विकणाऱ्याकडून किमान चाकाचा आकार लेखी घ्या. बहुतेकदा १५ इंचांवर प्रश्न सुटतो.

१३. क्रॅगर किंवा टॉर्क थ्रस्ट चाकांना मूळ नट चालतील का?

बहुधा नाही. मूळ लोखंडी चाकाला तिरप्या तोंडाचे नट असतात, ते भोकात रुतून चाक मध्यावर आणतात. क्रॅगर एस/एस सारख्या चाकांत लांब सरळ मानेचे नट आणि खाली वॉशर लागतो. त्यातही ज्या चाकांना लांबट भोकं आहेत, म्हणजे दोन-तीन पीसीडीला चालणारी, त्यांना मध्यापासून सरकलेल्या भोकाचे खास वॉशर लागतात. चुकीचा नट घट्ट वाटतो आणि काही मैलांनी सैल होतो. चाकासोबत त्याच कंपनीचे नट घ्या.

आट्यांचं मापही बघा. शेवरोलेंचे स्टड बहुतेक ७/१६ इंच, फोर्डचे १/२ इंच. नटात स्टडचे आटे किमान स्टडच्या जाडीइतके गेलेच पाहिजेत. टॉर्क रेंचनं ७/१६ ला ६०-७० आणि १/२ ला ७५-८५ फूट-पौंड. ५० ते १०० मैलांनंतर पुन्हा तपासा.

१४. डाव्या बाजूचे नट कितीही जोर लावला तरी सुटत नाहीत.

गाडी डॉज, प्लायमाउथ किंवा क्रायस्लर आहे का? सत्तरच्या सुरुवातीपर्यंत या गाड्यांच्या डाव्या बाजूच्या स्टडांना उलटे आटे असायचे. ते घड्याळाच्या दिशेनं फिरवले की सुटतात. स्टडच्या टोकावर बारीक ‘एल’ अक्षर कोरलेलं सापडेल. टायरच्या दुकानातल्या तरुण मुलाला हे माहीत नसतं आणि न्यूमॅटिक गननं स्टड तुटतात. गाडी देतानाच सांगा. नवीन चाकांसाठीही डावीकडचे नट उलट्या आट्यांचेच मागवा.

१५. पांढरी पट्टी किती रुंद घ्यावी?

साल पाहून. पन्नाशीच्या मध्यापर्यंत अडीच ते तीन इंच, नंतर ती कमी होत गेली. १९६२ पासून साधारण एक इंच किंवा त्याहून बारीक. १९६६ च्या मस्टँगवर तीन इंची पट्टी खटकते. १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओवर लाल रेघ आली होती, तीही आज मिळते. उठावदार पांढऱ्या अक्षरांचे टायर साठच्या दशकाच्या शेवटच्या आणि सत्तरच्या दशकातल्या गाड्यांवर शोभतात.

१६. टायर पंधरा वर्षांचे आहेत, पण नक्षी नव्यासारखी आहे. चालवू का?

नाही. हौसेच्या गाडीचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूवर ‘डॉट’च्या (अमेरिकन वाहतूक खात्याच्या संकेतांकाच्या) ओळीत शेवटचे चार आकडे शोधा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाआधीचा आहे, तो त्याच दिवशी काढा. सहा वर्षांनंतर दर वर्षी नीट तपासून घ्या, दहानंतर बदलाच. चाक बाहेर काढून आतली बाजूही उजेडात बघा, नक्षीच्या खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा पडायला लागतात. पोलादी पट्टा सुटला की नक्षीचा पट्टा उडतो आणि जाताना मागचं मडगार्ड फाडून जातो. स्टेपनीही याच नियमात.

१७. जुन्या पुस्तकात २४ पौंड हवा लिहिली आहे. तेवढीच भरू?

तो आकडा बायस-प्लायचा आहे. रेडियलला सहसा २८ ते ३२ पौंड, थंड टायरवर मोजून. टायरवर लिहिलेली कमाल मर्यादा ओलांडू नका.

१८. मुंबईत आमच्या घरी चाळीस-पन्नासच्या दशकातली गाडी आहे. भारतात टायर कुठून मिळवायचे?

या गाड्या मुंबईच्या ओळखीच्याच आहेत. जनरल मोटर्सनं १९२८ पासून शिवडीत गाड्या जुळवल्या आणि वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्यात डॉज, डिसोटो, प्लायमाउथ जुळवल्या. चाकं अमेरिकेतल्यासारखीच, म्हणून वरची सगळी मापं तुम्हालाही लागू आहेत.

चाळीसच्या दशकातल्या शेवरोलेचा ६.००-१६ हा आकार जीपमुळे भारतात अजून मिळतो. त्यात खडबडीत नक्षीचा टाळून सरळ रेघांच्या नक्षीचा शोधा, नाहीतर डांबरी रस्त्यावर आवाज आणि हादरे. ६.७०-१५ वाल्यांना हमखास बोलेरोचा २१५/७५आर१५ सुचवला जातो. उंचीला तो जुळतो, २७.७ इंच भरतो. पण त्याला सहसा किमान साडेपाच इंच रुंद रिम लागते आणि तुमची मूळ रिम साडेचार-पाच इंचांची असते. अरुंद रिमवर रुंद टायर वळणात डुलतो. मोजून घ्या आणि टायर कंपनीच्या तक्त्यातली किमान रुंदी पाहा. त्या काळच्या रिवेट मारलेल्या रिमांत हवा टिकत नाही, ट्यूब घाला, आणि टायर रेडियल असेल तर रेडियलचीच ट्यूब. रिवेटांभोवती चीर दिसली तर ती रिम बाद.

अमेरिकेतून मागवणार असाल तर जून २०२० मध्ये भारतानं नव्या टायरच्या आयातीवर परवान्याचं बंधन घातलं होतं, हे लक्षात ठेवा. ऑर्डर देण्याआधी कस्टम्स एजंटकडून सध्याचा नियम लेखी घ्या. टायर बंदरात अडकून राहिले तर त्यांचं वय तिथेही वाढतच राहतं.